कॅम्पस टूरचा व्हिडिओ मागवला, पैसे गेले, आता कोणी बोलेना: कुठून सुरुवात करायची?

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, दिवसाचं निम्मं काम ऑनलाइन फॉर्म, फोटो लहान करणं आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड शोधणं यात जातं. गेली काही वर्षं पावसाळ्याच्या शेवटाला एकाच जातीची तक्रार दुकानात येते. मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत शिकायला जायचंय, तिथल्या कॉलेजांच्या कॅम्पस टूरचे व्हिडिओ विकणाऱ्या साइटवर पैसे भरलेत, आणि व्हिडिओ मिळालेला नाही. मेल केला की गोड उत्तर येतं, पण काम होत नाही. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

हे व्हिडिओ कोण कशाला विकत घेतं, असं काही जण विचारतात. अमेरिकेतली कॉलेजं येणाऱ्या मुलांना कॅम्पस फुकट फिरवून दाखवतात. तिथलाच एखादा विद्यार्थी पाहुण्यांकडे तोंड करून उलटा उलटा चालत, तास-दीड तास माहिती देत फिरवतो. गोव्यातून पाच कॉलेजं बघायला जायचं म्हणजे घर गहाण टाकायची पाळी. मग कोणीतरी अशी अख्खी फेरी कॅमेऱ्यात धरतो आणि हजार-बाराशे रुपयांना विकतो. कॉलेजचे स्वतःचे व्हिडिओ फुकट असतात, पण त्यात ड्रोनमधून दिसणारी हिरवळ आणि हसणारी मुलं. आपल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा असा व्हिडिओ काढला तर इमारत छान दिसेल, पण बसमधून उतरून पावसात छत्री सांभाळत चढ चढताना लागणारा दम त्यात दिसेल का? न कापलेल्या व्हिडिओत तो दम ऐकू येतो. म्हणून मागणी आहे, आणि म्हणून विकणाऱ्यांत काही लबाड, काही नुसतेच गबाळे आहेत.

सत्तरी तालुक्यातल्या एका मास्तरांच्या मुलीचं प्रकरण सांगतो. जवळजवळ सगळे घोटाळे त्या एकात आहेत.

५ सप्टेंबर २०२४ ला, गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तिने पाच व्हिडिओंचा संच घेतला. साठ डॉलर. मेल लगेच आला, त्यात लिंक होती. दुसऱ्या दिवशी तय, म्हणजे हरताळका, शनिवारी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मंडळी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन मूळ घरी गेली. तिथे मोबाइलला रेंज हवी तर देवळामागच्या आंब्याखाली जावं लागतं. दीड दिवसाचा गणपती रविवारी पोचवून सोमवारी परत आली, लिंक दाबली, तर मुदत संपलेली. मेलच्या तळाशी बारीक अक्षरात ७२ तास लिहिलं होतं. तिने तक्रार केली, तिला उत्तर आलं: तुमच्या ऑर्डरला नव्वद दिवसांहून जास्त झाले, आता काही करता येणार नाही. चार दिवसांपूर्वीच्या ऑर्डरला नव्वद दिवस!

झालं असं होतं की तिने तक्रारीत तारीख आपल्या पद्धतीने लिहिली होती, ०५/०९/२०२४. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस मागून. तिकडच्या माणसाने ती ९ मे वाचली. आपल्याला हसू येतं, पण त्याच्या बाजूने तो बरोबर होता. तेव्हा पहिली गोष्ट ही: परदेशी दुकानदाराला तारीख कधीही नुसत्या आकड्यांत लिहू नका. महिना अक्षरांत लिहा.

आधी आपल्या घरातलं बघा

सगळा दोष समोरच्याचा असतो असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या दोन-तीन तक्रारी खुर्चीवर बसल्या बसल्या मिटतात. ऑर्डरच्या पानावर आपणच ईमेल चुकीचा टाकलेला असतो. जीमेलमधला एक 'आय' गायब, किंवा डॉट कॉमच्या जागी डॉट को. कधी मेल स्पॅममध्ये किंवा प्रमोशन्सच्या कप्प्यात पडून असतो. शोधताना साइटचं नाव टाकू नका, 'ऑर्डर' आणि 'डाऊनलोड' हे शब्द इंग्रजीत टाका, कारण पुष्कळदा मेल साइटच्या नावाने येतच नाही, पेमेंट घेणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या नावाने येतो.

व्हिडिओ अर्धाच उतरणं ही दुसरी नेहमीची तक्रार. तासाभराचा चांगल्या प्रतीचा व्हिडिओ दोन जीबीच्या आसपास जातो. फोनमध्ये जागा नसते, किंवा ढग गडगडले की वीज जाते आणि राऊटर बंद पडतो. फाइलच्या नावापुढे 'सीआर-डाऊनलोड' असं शेपूट असेल तर ती अपुरी आहे, कितीही वेळा उघडा, चालणार नाही. ब्राऊझरच्या डाऊनलोड यादीत जाऊन 'रिझ्यूम' दाबा. नवी लिंक दाबत बसू नका. काही साइट तीनदाच उतरवू देतात, आणि तुटलेला प्रयत्नही मोजतात. हे काम फोनवर करूच नये. संगणकावर, रात्री, केबल लावून.

डीव्हीडी मागवणारेही अजून भेटतात, बहुतेक वडील मंडळी. अमेरिकेतली डीव्हीडी विभाग १ ची असते, भारताचा विभाग ५. घरच्या प्लेअरवर ती चालत नाही आणि आपण म्हणतो खराब माल पाठवला. डिस्कवर 'ऑल रीजन' लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. शिवाय टीव्हीवर चित्र दाखवायची तिथली पद्धत एनटीएससी, आपली पाल.

पैसे कापले की अडकवले?

साइटवर 'पेमेंट फेल', पण मोबाइलवर बँकेचा संदेश आला, की लोक घाबरून पुन्हा कार्ड घालतात. मग दोनदा, तीनदा. थांबा. कार्डाने परदेशी साइटवर पैसे भरताना आधी रक्कम अडकवून ठेवली जाते, प्रत्यक्ष उचलली जाते मागाहून. व्यवहार पुरा झाला नसेल तर अडकलेली रक्कम साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप मोकळी होते. बँकेच्या ॲपमध्ये तो व्यवहार 'पेंडिंग' (नुसता अडकवलेला) दिसतोय का 'पोस्टेड' (पैसे उचललेला), ते बघा. पेंडिंग असेल तर विकणाऱ्याच्या हातात पैसे अजून गेलेलेच नाहीत, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

फेल होण्याची कारणंही ठरलेली. एक म्हणजे कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड येतं तेच देशातल्या वापरापुरतं. परदेशी आणि ऑनलाइन वापर आपण ॲपमधून चालू करायचा. दुसरं कारण पत्त्यातला पिन. आपला पिन सहा आकडी, फोंड्याचा ४०३४०१. अमेरिकेतला झिप पाच आकडी. काही साइट शेवटचा आकडा गिळतात आणि मग पत्ता जुळत नाही म्हणून कार्ड नाकारतात. देशाच्या खान्यात आधी 'इंडिया' निवडलं तर बहुधा सहावा आकडा घेतात. देश आधी, पिन नंतर. एवढंच.

स्टेटमेंटवर अनोळखी नाव दिसलं म्हणून चोरी झाली असं लगेच ठरवू नका, ते पेमेंट कंपनीचं नाव असू शकतं. रक्कम आणि तारीख जुळवून बघा. आणि रक्कम थोडी जास्त दिसली तर तो बँकेचा परदेशी व्यवहाराचा आकार. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, वर त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. मास्तरांच्या साठ डॉलरचे सव्वापाच हजार झाले होते. पैसे परत आले तरी हा आकार बहुतेक वेळा परत येत नाही, डॉलरचा भावही हललेला असतो. त्यात दोनशेच्या आसपास जातात, ते गेले म्हणायचे.

खरा रोग: तारखेवर तारीख

आता मूळ मुद्दा. सगळं तपासलं, चूक आपली नाही, मेल केला. उत्तर येतं: 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, आमची टीम बघते आहे, तीन ते पाच कामाचे दिवस.' पाच दिवसांनी तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. मास्तरांच्या मुलीला असे पाच मेल आले होते. प्रत्येक मेल आला की तिला वाटायचं, झालं, आता होईल. ७ ऑक्टोबरला ती माझ्याकडे आली तेव्हा महिना उलटून गेला होता.

काउंटरवर फोन ठेवून म्हणाली, "काका, लिंकूच उगडना. आनी ते म्हणटात रावात."

मी म्हटलं, "बाय, थांबा म्हणतात, पण थांबायचं किती ते त्यांनी सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. तिकडच्या काही कॉलेजांची लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबर, म्हणजे तिच्या हातात तीन आठवडे. व्हिडिओ नंतर मिळून कपाळाला लावायचाय का?

माझं मत स्पष्ट आहे. अशा साइटची वाईट सेवा उद्धट नसते, गोड असते, आणि त्या गोडपणात आपले दिवस जातात. तुमच्याकडे एकच हत्यार आहे, बँकेमार्फत पैसे परत मागणं, ज्याला चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते. कार्डांच्या नियमात ती साधारण १२० दिवसांची, पण काही बँका आपल्या पत्रकात त्याहून कमी दिवस देतात. म्हणून विकणाऱ्याला तारीख तुम्ही द्यायची.

पहिला मेल इंग्रजीत, पाच वाक्यांचा. ऑर्डर नंबर. तारीख, महिना अक्षरांत. काय घेतलं आणि किती डॉलरला. काय झालं नाही, एका वाक्यात, रागाविना. आणि शेवटी काय हवंय: सात दिवसांत चालू लिंक किंवा पूर्ण पैसे परत, नाहीतर मी माझ्या बँकेकडे दाद मागेन. विषयाच्या ओळीत ऑर्डर नंबर आधी टाका. पुढचा प्रत्येक मेल त्याच धाग्यात 'रिप्लाय' करून पाठवा. नवा मेल लिहिलात की नवं 'तिकीट', म्हणजे नवी तक्रार, उघडतं, नवा माणूस येतो, आणि गाडी पहिल्या स्टेशनावर. मुलीने पाच वेगवेगळे मेल लिहिले होते, म्हणून तिची पाच तिकिटं होती आणि पाचही माणसं पहिल्यापासून चौकशी करत होती.

चॅटची सोय असेल तर वेळ बघून बसा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा उन्हाळी वेळेत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेसात. आपण सकाळी अकराला चॅट उघडतो, समोर यंत्र बोलतं, आणि आपण म्हणतो माणूसच नाही. तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असते! चॅट संपली की स्क्रीनशॉट घ्या, खिडकी बंद झाली की ती पुन्हा मिळत नाही.

एक धोका मात्र वेगळा सांगायलाच हवा. मेलला उत्तर येत नाही म्हणून गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. तिथे बसलेले चोर वाटच बघत असतात. 'रिफंड देतो, हे ॲप टाका, स्क्रीन दाखवा' असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे परत करायला तुमचा ओटीपी किंवा पिन कोणालाही लागत नाही. फसलात तर त्याच तासाला १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करा. साइटच्या चौकशीचे नंबर वेगळे, हा चोरीचा.

बँकेत काय न्यायचं

सात दिवस गेले की बँक. शाखेत जाऊन 'साहेब, जरा बघा' म्हणण्यापेक्षा ॲपमधून किंवा लिखित अर्जाने 'डिस्प्यूट', म्हणजे चार्जबॅकची तक्रार, नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. क्रमांक नसेल तर तक्रार झालेली नाही, असं समजा.

सोबत जोडायचं ते असं: ऑर्डरची पावती, मेलचा तो एकच धागा, न चालणाऱ्या लिंकचा फोटो तारीख-वेळेसह, आणि विकताना साइटच्या पानावर काय लिहिलं होतं त्याचा स्क्रीनशॉट. हा शेवटचा कागद कोणाकडेच नसतो, आणि सगळी मदार त्यावरच असते. कारण 'माल मिळालाच नाही' असं तुम्ही म्हणालात तर विकणारा लिंक पाठवल्याची नोंद दाखवून मोकळा होतो. मास्तरांच्या मुलीचं नशीब असं की विकत घेताना तिने मैत्रिणीला पानाचा फोटो पाठवला होता, बघ किती स्वस्त म्हणून. त्या फोटोत किमतीखाली लिहिलेलं, 'कधीही डाऊनलोड करा'. मेलमध्ये ७२ तास, पानावर कधीही. आम्ही अर्जात 'मिळालं नाही' न लिहिता 'सांगितल्याप्रमाणे मिळालं नाही' असं लिहिलं. शब्द एकच जास्त, पण अर्ज त्याच्यावर उभा राहतो.

बँकेने तक्रार नाकारली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. पण ती बँकेच्या वागण्याबद्दल असते, व्हिडिओवाल्याबद्दल नाही. हा घोळ लोक फार करतात.

ग्राहक हेल्पलाइन आणि आयोग

विकणारा भारतातला असेल तर १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची. तुमच्या मेलमध्ये या नियमाचा एका ओळीत उल्लेख करा, सूर बदलतो असा माझा अनुभव आहे.

नाहीच जमलं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्ह्यात दाद मागता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिणेत, हे अजून आमच्यातल्याच काहींच्या डोक्यात बसलेलं नाही आणि ते पर्वरीची बस धरतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि ती ऑनलाइनही भरता येते. तरी खरं सांगतो, पाच हजारांसाठी तारखांना जायची तयारी फार कमी जणांची असते.

परदेशी विकणारा नियमितपणे भारतातल्या लोकांना माल विकत असेल तर कागदावर हेच नियम त्यालाही लागू आहेत. वसुली ही वेगळी गोष्ट. अमेरिकेतही नियम आहे, सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल पाठवायचा, नाहीतर पैसे परत द्यायला तयार राहायचं. तिथली सरकारी यंत्रणा एकेकाची तक्रार सोडवून देत नाही, नुसती नोंदवून घेते. म्हणून परदेशी साइटसाठी माझी पसंती बँकेलाच.

पुढच्या वेळी

संच घेऊ नका. एक व्हिडिओ घ्या, उतरवून बघा, मग बाकीचे. महिन्याच्या वर्गणीचा चौकोन आधीच टिक केलेला असतो, तो काढा. भारतीय कार्डावर दर महिन्याला पैसे जाण्याआधी बँकेने आपल्याला २४ तास अगोदर कळवायचं असतं. असा संदेश आला तर तो जाहिरात समजून पुसू नका, त्यातच रद्द करण्याची वाट असते. विकत घेण्याआधी त्यांना एक साधा प्रश्न मेल करा: लिंक किती दिवस चालते? उत्तर यायला आठवडा लागला तर पैसे भरल्यावर काय होईल ते कळलंच. आणि आधी कॉलेजच्या प्रवेश विभागाला विचारा. २०२० मध्ये कोविडने कॅम्पस बंद पडले तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी घरबसल्या बघायच्या फेऱ्या सुरू केल्या, कित्येक ठिकाणी त्या अजून चालू आहेत आणि फुकट आहेत. समोर खरा विद्यार्थी असतो, त्याला मेसमध्ये भात मिळतो का तेही विचारता येतं. अमेरिकन सरकारच्या एज्युकेशनयूएसएचं केंद्र मुंबईत आहे, त्यांचा सल्लाही फुकट आणि ऑनलाइन मिळतो. आमच्याकडे लोक एजंटाला हजारो देतात आणि हे विचारत नाहीत.

मुलीच्या बँकेत आम्ही अर्ज नोंदवला तो १५ ऑक्टोबरला, सात दिवसांची मुदत देऊन झाल्यावर. महिनाभर 'बघतो' म्हणणाऱ्या माणसांचा मेल चौथ्या दिवशी आला: तुम्ही बँकेकडे का गेलात, ही घ्या नवी लिंक, पंधरा दिवस चालेल. आता पेच. लिंक घ्यायची आणि पैसेही परत घ्यायचे, हे चालत नाही. विकणारा पुरावा देतो आणि अर्ज फेटाळला जातो, शिवाय ते बरंही नाही. तिला व्हिडिओच हवे होते. आधी पाचही फाइली माझ्या संगणकावर उतरवल्या, प्रत्येक शेवटपर्यंत ओढून तपासली, एक पेन ड्राइव्हवर, एक प्रत माझ्याकडे. एका फाइलला आवाज नव्हता, तो त्याच धाग्यात कळवून दुसऱ्या दिवशी बदलून घेतला. सगळं नीट चालल्यावरच बँकेला अर्ज मागे घेत असल्याचं लेखी दिलं आणि त्याचाही क्रमांक घेतला.

दुकान बंद करायच्या वेळी पहिला व्हिडिओ लावला. मास्तर स्टुलावर बसून मनगटावरच्या घड्याळात बघत होते. वाटाड्या मुलगा उलटा चालत वसतिगृहाकडून लायब्ररीकडे निघाला. बर्फ पडत होता, त्याच्या बोलण्यापेक्षा बुटांखालचा कचकच आवाज जास्त.

"अकरा मिनिटं," मास्तर म्हणाले. "हिला जाड बूट घ्यावे लागतील."

मुलगी म्हणाली, "बाबा, आधी अर्ज तरी भरूया."

तो मी तिथेच भरून दिला. फोटो मात्र तीनदा लहान करावा लागला.